अर्धवट सोडलेलं स्तोत्र : आयर्लंडचे संत कोलमकिल

आजचा वाचनभाग : स्तोत्र ३४



आज ९ जून. आयर्लंडचे संत कोलमकिल यांचा स्मृतिदिन. म्हणून आज वाचनासाठी मुद्दाम स्तोत्र ३४ घेतलंय. नेहमीसारखं एकेका वचनावर थांबत जाण्याऐवजी आज एक आयुष्य वाचू या. ज्या माणसाचं हे आयुष्य आहे, तो हे स्तोत्र हाताने लिहीत असताना मध्येच थांबला आणि त्याच रात्री देवाघरी गेला. आणि गंमत म्हणा किंवा देवाची योजना म्हणा, त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःखही अशाच एका स्तोत्रांच्या पुस्तकावरून सुरू झालं होतं.

लॅटिनमध्ये त्यांना कोलम्बा म्हणतात, आयरिश माणूस कोलमकिल म्हणतो. कोलम म्हणजे कबुतर, किल म्हणजे चर्च. चर्चचं कबुतर. पॅट्रिक आणि ब्रिजिड यांच्या जोडीने ते आयर्लंडच्या तीन मुख्य संतांपैकी एक. पॅट्रिक बाहेरून आलेले. कोलमकिल मात्र त्याच मातीतले, आणि त्या मातीपासून दूर गेलेले.

त्यांची गोष्ट समजून घ्यायची तर नकाशा उघडून ठेवा. कारण ही गोष्ट जागोजागी सांडलेली आहे आणि आजही प्रवासी ती गावोगाव वेचत फिरतात.

गार्टन : दोन काठांवरची भाकर

आयर्लंडच्या वायव्य टोकाला डोनेगॉल नावाची काउंटी आहे. डोंगर, तळी, वारा आणि पाऊस. तिथे गार्टन नावाच्या तळ्याकाठी, परंपरेप्रमाणे ७ डिसेंबर ५२१ रोजी, एका राजघराण्यात हा मुलगा जन्मला. वडील फेडलिमिद, आई एथने. नऊ ओलीस ठेवणारा म्हणून दंतकथांत गाजलेला राजा नियाल हा त्याचा खापरपणजोबा. म्हणजे पोरगा साधा नव्हता. वेळ आली असती तर राजाही झाला असता.

त्या काळी आयरिश सरदारघराण्यांत एक रीत होती. आपलं मूल दुसऱ्याच्या घरी वाढवायला द्यायचं. या मुलाला एका धर्मगुरूकडे सोपवलं गेलं. लोककथा सांगते की त्याला अक्षरं कधी शिकवावीत, असं त्या गुरूने एका द्रष्ट्याला विचारलं. द्रष्ट्याने लगेच एका भाकरीवर अक्षरं काढून दिली. मुलगा ती खात खात ओढ्याकाठी गेला. अर्धी या काठावर खाल्ली, अर्धी पलीकडे. द्रष्टा म्हणाला, या पोराचं अर्धं काम आयर्लंडमध्ये होईल आणि अर्धं पाण्यापलीकडे.

नावाचीही एक कथा आहे. आजूबाजूची पोरं खेळायला त्याची वाट बघत बसायची. आणि हा आपला चर्चमध्ये स्तोत्रं वाचत बसलेला. बाहेर आला की पोरं एकमेकांना विचारायची, आपलं चर्चमधलं कबुतर आलं का? तेच नाव पुढे चिकटलं.

गार्टनला आजही एक सपाट दगड दाखवतात. त्याचं आयरिश नाव आहे विरहाचा दगड. कोलमकिल देश सोडून गेले, म्हणून देश सोडणारी माणसं जाण्याआधी या दगडावर येऊन पडायची. या दगडावर झोपलं की परदेशात घरची आठवण काळीज कुरतडत नाही, अशी श्रद्धा. १८४५ नंतर बटाट्याचं पीक कुजलं, दुष्काळ पडला आणि दहा लाखांहून जास्त माणसं आयर्लंड सोडून बोटीवर चढली, तेव्हा त्या दगडाला काय काय ऐकावं लागलं असेल! तुमच्यापैकी जे दुबईत, टोरंटोत किंवा मेलबर्नमध्ये बसून हे वाचताहेत, त्यांना या दगडाबद्दल वेगळं सांगायला नको.

पुस्तक म्हणजे काय असायचं

मुलगा मोठा झाला. एकामागून एक नामांकित गुरूंकडे शिकला. मूव्हिलला फिनियन नावाच्या गुरूंकडे, नंतर क्लोनार्डला त्याच नावाच्या दुसऱ्या गुरूंकडे, मध्ये काही काळ लेन्स्टरमध्ये गेमान नावाच्या एका वृद्ध कवीकडे. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

त्या मठांमध्ये शिक्षणाची सुरुवातच स्तोत्रसंहितेने व्हायची. वाचायला शिकायचं ते स्तोत्रं वाचत, लिहायला शिकायचं ते स्तोत्रं लिहीत, आणि शेवटी १५० च्या १५० स्तोत्रं पाठ. अँट्रिम काउंटीत १९१४ मध्ये पीट खणताना दलदलीत लाकडाच्या सहा पाट्या सापडल्या. त्यांवर मेण होतं आणि मेणावर टोकदार काडीने कोरलेली स्तोत्रं. साधारण ६०० सालच्या, म्हणजे कोलमकिल यांच्याच काळाच्या आसपासच्या. कुणाची तरी स्तोत्रं शिकण्याची पाटी तेराशे वर्षं चिखलात राहिली. आज ती डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

मेणाची पाटी सरावासाठी. खरं पुस्तक चामड्याचं. वासराची कातडी चुन्यात भिजवायची, खरवडायची, ताणून वाळवायची, मग तिची पानं कापायची. लिहायला हंसाचं पीस. एका पुस्तकामागे गोठ्यातली कितीतरी वासरं आणि एका माणसाचे कितीतरी महिने. आपल्या फोनवर एका बोटाने बायबलचं ॲप उतरतं, पाच भाषांतरं शेजारी शेजारी उघडतात. त्यामुळे एका पुस्तकासाठी माणूस किती तळमळू शकतो, हे आपल्याला थोडं कष्टानेच समजून घ्यावं लागतं.

कोलमकिल धर्मगुरू झाले. ५४६ च्या सुमारास त्यांनी एका ओकच्या राईत मठ बांधला. ओकच्या राईला आयरिशमध्ये म्हणतात दोरे. तेच आजचं डेरी शहर. म्हणतात की त्या झाडांवर त्यांचा इतका जीव होता, की झाडं पाडायला लागू नयेत म्हणून त्यांनी चर्चची दिशाच बदलली. पुढे ड्युरोला मठ झाला, आणखीही बऱ्याच ठिकाणी झाले. वय चाळिशीच्या आत. राजाचं रक्त, कवीची जीभ, खणखणीत आवाज. त्यांचा स्तोत्रं म्हणण्याचा आवाज मैलभर दूर ऐकू जायचा, असं त्यांच्या चरित्रात लिहून ठेवलंय. सगळं छान चाललं होतं.

एका प्रतीवरून

आता ती गोष्ट. ही आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः १५३२ मध्ये मॅनस ओ'डोनेल या डोनेगॉलच्या सरदाराने जमवून लिहवून घेतलेल्या चरित्रातून. हा मॅनस कोलमकिल यांच्याच कुळाचा. म्हणजे ही घरची गोष्ट आहे, हजार वर्षं चुलीपाशी सांगितलेली. पण आपल्या घरच्या संताचा दोष तिने झाकला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मूव्हिलच्या फिनियन यांच्याकडे स्तोत्रांचं एक उत्तम हस्तलिखित होतं. कोलमकिल जुन्या गुरूंना भेटायला गेले, पुस्तक वाचायला मागितलं. मिळालं. मग सगळे झोपले की ते चर्चमध्ये जायचे आणि गुपचूप नक्कल उतरवायचे. कथा म्हणते की मेणबत्ती लागत नव्हती, हाताची पाच बोटंच पाच दिव्यांसारखी उजळायची. एक मुलगा दाराच्या फटीतून डोकावला, तर कोलमकिल यांच्या पाळीव बगळ्याने आतून चोच मारून त्याचा डोळाच काढला. अशा गोष्टी ऐकताना हसूही येतं आणि अंगावर काटाही येतो.

फिनियन यांना कळलं. म्हणाले, न विचारता केलेली नक्कल माझी आहे, परत दे. कोलमकिल म्हणाले, तुमचं पुस्तक जसंच्या तसं आहे, त्यातलं एक अक्षरही कमी झालं नाही; आणि देवाचं वचन लोकांपर्यंत पोचवायचंच असतं ना? दोघंही आपल्या जागी बरोबर वाटतात, नाही? भांडण गेलं ताराच्या राजाकडे, डिआर्मिड यांच्याकडे. राजाने गाई-गुरांच्या जुन्या कायद्याचा दाखला काढला. वासरू जसं गाईच्या मालकाचं, तशी नक्कल मूळ पुस्तकाच्या मालकाची. पान वासराच्याच कातड्याचं, त्यामुळे हा निवाडा ऐकणाऱ्याला लगेच पटण्यासारखा होता. कॉपीराइटवरचा जगातला पहिला खटला म्हणून आज वकीलमंडळी हा किस्सा गमतीने सांगतात.

कोलमकिल यांना तो पटला नाही. त्यात आणखी एक ठिणगी पडली. कॉनॉटच्या राजाचा तरुण मुलगा हातून एक खून घडल्यावर त्यांच्या आश्रयाला आला होता. डिआर्मिड राजाच्या माणसांनी त्याला आश्रयातून ओढून नेलं आणि मारलं. संताचा आश्रय मोडणं म्हणजे तेव्हा फार मोठा अपमान. आता कबुतर पेटलं. ते उत्तरेला गेले, आपल्या भाऊबंदांना उठवलं.

५६१ च्या सुमारास स्लायगो काउंटीत, बेन बुल्बेन नावाच्या सपाट माथ्याच्या डोंगराजवळ कूल ड्रेव्नाची लढाई झाली. कोलमकिल यांची बाजू जिंकली. परंपरा सांगते की समोरचे ३,००० मेले. कथेप्रमाणे ती नक्कलही परत मिळाली.

म्हणजे बघा. पुस्तक हातात आलं. खटल्यात हरलेलं सगळं रणात जिंकून झालं. आणि पुस्तक उघडलं तर आत काय? स्तोत्रं. शांतीचा शोध घ्या, तिच्या मागे लागा, असं शिकवणारी स्तोत्रं. पाठच होती ती. लहानपणापासून.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. कोलमकिल यांचं सगळ्यात जुनं मोठं चरित्र त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे १०० वर्षांनी आयोनाचे नववे मठाधिपती अडम्नान यांनी लिहिलं. त्यात लढाईचा उल्लेख आहे, पुस्तकाच्या भांडणाचा नाही. त्यात एवढंच आहे की एका धर्मसभेने कोलमकिल यांना क्षुल्लक कारणांवरून बहिष्कृत केलं होतं, पण बिरचे ब्रेंडन भरसभेत उठून त्यांच्या सन्मानार्थ पुढे गेले आणि मग तो निर्णय मागे घेतला गेला. राजकारणातली घराण्यांची चुरस हे लढाईचं खरं कारण असावं, असं बरेच इतिहासकार मानतात. तरी लढाई झाली, माणसं मेली, आणि दोन वर्षांनी कोलमकिल यांनी देश सोडला, एवढं पक्कं.

पाठ आयर्लंडकडे

कथा म्हणते की मन खात होतं म्हणून ते मोलेश नावाच्या संताकडे पापांगीकारासाठी गेले. प्रायश्चित्त मिळालं ते असं : लढाईत जेवढे जीव गेले तेवढे जीव ख्रिस्ताकडे आण, आणि आयर्लंडची भूमी पुन्हा डोळ्यांनी पाहू नकोस.

५६३ साल. वय ४२. सोबत १२ साथीदार. वेताच्या सांगाड्यावर कातडं ताणून केलेली नाव, तिला करक म्हणतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेला ते एका बेटावर उतरले. सांगतात की टेकडीवर चढून मागे पाहिलं तर क्षितिजावर अजून आयर्लंड दिसत होतं, म्हणून पुन्हा नाव पाण्यात लोटली. मग आयोना नावाच्या छोट्याशा बेटावर आले. जेमतेम ५ किलोमीटर लांब. तिथल्या टेकडीवर चढले, मागे पाहिलं, आयर्लंड दिसत नव्हतं. मग थांबले. नाव जिथे लागली ती खडी पसरलेली खाडी आजही करकची खाडी म्हणून ओळखली जाते आणि त्या टेकडीवरच्या दगडांच्या राशीच्या नावाचा अर्थ आहे आयर्लंडकडे पाठ.

आयरिश भक्तांमध्ये तेव्हा एक कल्पना रुजली होती. रक्त सांडून हुतात्मा होणं हा एक मार्ग. पण जन्मभूमी, नातेवाईक, भाषा सोडून ख्रिस्तासाठी परका होणं, हेही हौतात्म्यच. त्याला ते शुभ्र हौतात्म्य म्हणत. आज आयर्लंड फिरायला जाणारे आपण बॅग भरताना परतीचं तिकीट आधी काढतो. या प्रवाशांच्या नकाशात परतीची वाट नव्हती.

आयोनावर काय केलं त्यांनी? रोज ठरलेल्या वेळी स्तोत्रं. शेती. मासेमारी. येईल त्या पाहुण्याचे पाय धुणं. आणि नकला उतरवणं. हो, तेच काम! पुस्तकं लिहिणं त्यांनी सोडलं नाही. परंपरेने ३०० पुस्तकं त्यांच्या हातची मानली आहेत. पण आता काम वाटून द्यायचं. बायथीन नावाच्या शिष्याने एकदा स्तोत्रसंहितेची नक्कल पुरी केली आणि तपासायला कुणीतरी द्या म्हणाला. कोलमकिल यांनी न उघडताच सांगितलं की एक इ सोडला तर काही चुकलेलं नाही. तपासलं तर खरंच तेवढंच निघालं. दुसऱ्या एका दिवशी सामुद्रधुनीपलीकडून कुणीतरी हाका मारत होतं. ते म्हणाले, हा हाका मारणारा आज माझी शाईची दौत सांडणार. पाहुणा आला, प्रेमाने बिलगायला धावला आणि कपड्याच्या काठाने दौत पालथी. अडम्नान यांनी हे लिहून ठेवलंय. ज्या माणसाने एका नकलेसाठी सैन्य उभं केलं असं लोक सांगतात, त्याच्या लिहिण्याच्या जागी सांडलेल्या शाईवरून कुठलं महाभारत झाल्याचं मात्र लिहिलेलं नाही.

नेस नदीतल्या एका भयंकर जनावराला क्रुसाची खूण करून परतवल्याची कथाही याच चरित्रात आहे. लॉक नेसच्या राक्षसाचे चाहते तिथूनच सुरुवात करतात. पण माझ्या मनात राहते ती करकोच्याची गोष्ट. एके दिवशी त्यांनी एका बंधूला बोलावलं. म्हणाले, तिसऱ्या दिवशी दुपारनंतर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊन बस. वाऱ्याने झोडपलेला, दमलेला एक करकोचा तुझ्यापुढे येऊन पडेल. त्याला उचल, जवळच्या घरात ने, तीन दिवस खाऊपिऊ घाल. तो आपल्या गावाकडचा आहे. मग ताकद आली की तो परत आयर्लंडला उडून जाईल. तसंच झालं. स्वतः पाठ फिरवून बसलेल्या माणसाने गावाकडच्या एका पक्ष्यासाठी किनाऱ्यावर माणूस बसवला.

पुन्हा एक सभा

आयर्लंड पुन्हा न पाहण्याची शपथ ही लोककथेतली. प्रत्यक्षात ते कामासाठी परत गेले होते. लोककथेने त्यावरही तोड काढली : म्हणे पायाला स्कॉटलंडची माती बांधून गेले, म्हणजे पाऊल आयरिश भूमीवर पडलंच नाही!

यातली गाजलेली भेट म्हणजे ड्रम केटची सभा, आजच्या लिमावडी गावाजवळ. परंपरा साल देते ५७५. राजांमधल्या वाटाघाटींसोबत तिथे कवींचा प्रश्न होता. आयरिश दरबारातले कवी तेव्हा फार माजले होते. मोठमोठे ताफे घेऊन फिरायचे, मागतील ते द्या, नाहीतर निंदाकाव्य करू अशी धमकी. राजाने त्यांना देशाबाहेर काढायचं ठरवलं होतं. कोलमकिल मध्ये पडले. त्यांनी कवींना वाचवलं, पण सैल सोडलं नाही. संख्या कमी करा, ताफे लहान करा, आणि लोकांना शिकवा. आयर्लंडच्या जुन्या कथा आणि वंशावळी तोंडी सांभाळल्या त्या याच कवींनी. आज आपण ज्याला आयरिश लोकपरंपरा म्हणतो, तिचे आभार मानताना एका मठवासीयाचंही नाव घ्यायला लागतं. तरुणपणी एका वृद्ध कवीच्या पायाशी बसलेल्या पोराने ते ऋण असं फेडलं.

एकदा वाद झाला तेव्हा सैन्य आणलं. दुसऱ्यांदा वाद होता तेव्हा मध्यस्थ म्हणून उभे राहिले.

शेवटचा दिवस

जून ५९७. वय पंचाहत्तरीचं. शनिवार होता. सेवक सोबत होता, त्याचं नाव डिआर्मिड. होय, राजाचंच नाव.

ते मठाच्या कोठारात गेले. धान्याच्या दोन राशी पाहून देवाचे आभार मानले, की मी नसलो तरी माझ्या माणसांना वर्षभर पुरेल. परतताना दमून रस्त्याच्या कडेला बसले. तेवढ्यात दुधाच्या कासंड्या वाहणारा मठाचा पांढरा घोडा आला. त्याने त्यांच्या छातीवर डोकं टेकलं आणि रडायला लागला. सेवक त्याला हाकलायला गेला. त्यांनी थांबवलं. या मुक्या जिवाला जे कळलंय ते तुला माणूस असून कळलं नाही, अशा अर्थाचं काही बोलले आणि घोड्याला आशीर्वाद दिला.

मग छोट्या टेकडीवर चढून मठाला आशीर्वाद दिला. झोपडीत आले. आणि बसले ते लिहायला. स्तोत्रसंहितेची नक्कल चालू होती. लॅटिन गणनेत ३३ वं, आपल्या बायबलमध्ये ३४ वं स्तोत्र. तरणे सिंहही उपाशी राहतील, पण परमेश्वराला शोधणाऱ्याला कशाचीच वाण पडणार नाही, या आशयाच्या वचनाशी ते आले. आपल्याकडे ते १० वं. तिथे पान संपलं. त्यांनी पीस खाली ठेवलं. म्हणाले, पुढचं बायथीन लिहील.

मध्यरात्रीची घंटा झाली. ते सगळ्यांच्या आधी धावत चर्चमध्ये गेले आणि वेदीपुढे गुडघे टेकले. डिआर्मिड मागून आला तर आत अंधार. चाचपडत शोधलं. ते वेदीपुढे पडले होते. त्याने डोकं उचलून छातीशी धरलं. बाकीचे दिवे घेऊन धावले. बोलणं बंद झालं होतं. मठवासीयांना आशीर्वाद द्यायला डिआर्मिडने त्यांचा उजवा हात वर उचलून धरला. त्यांनी बोटं हलवली. ९ जूनची पहाट अजून उजाडायची होती.

एका डिआर्मिडने त्यांच्या हातातलं पुस्तक काढून घ्यायला सांगितलं होतं. दुसऱ्या डिआर्मिडने तोच हात आशीर्वादासाठी धरून ठेवला.

नंतर तीन दिवस समुद्रात वादळ होतं. कुणालाही बेटावर येता आलं नाही. राजघराण्यातल्या या माणसाचा अंत्यविधी फक्त त्यांच्या मठवासीयांनी केला.

मागे काय राहिलं

डब्लिनच्या रॉयल आयरिश ॲकॅडमीत ५८ पानांचं एक जुनं हस्तलिखित आहे. स्तोत्रसंहिता, ३० ते १०५ या दरम्यानची. आयर्लंडमध्ये उरलेलं हे स्तोत्रांचं सगळ्यात जुनं पुस्तक. परंपरा म्हणते, हीच ती भांडणातली नक्कल. त्याचं नाव काहाख, म्हणजे लढवय्या. ओ'डोनेल घराणं लढाईआधी ते सैन्याभोवती तीन फेऱ्या मारून फिरवायचं, विजय मिळावा म्हणून. अकराव्या शतकात त्याच्यासाठी धातूची पेटी घडवली गेली. ती पेटी कित्येक पिढ्या कुणी उघडलीच नाही. आतलं पुस्तक वाचायचं सोडून लोक पेटी मिरवत राहिले.

आणि डोनेगॉलमध्येच ग्लेनकोलमकिल नावाची दरी आहे. तिथे ९ जूनला भाविक अनवाणी चालतात. याला तुरास म्हणतात, म्हणजे यात्रा, प्रवास. सुमारे ५ किलोमीटर. १५ थांबे. काही ठिकाणी कोरलेले क्रूस, काही ठिकाणी नुसती दगडांची रास. सूर्य फिरतो त्या दिशेने प्रदक्षिणा, प्रार्थना, मग पुढे. चिखल, ओढा, बोचणारं गवत. संताच्या विहिरीशी दगडांचा मोठा ढीग आहे, आलेला प्रत्येक जण त्यात भर घालतो. तिथे कुणी लढवय्या पेटी मिरवत नाही. पाय भिजतात, ओठ हलतात, एवढंच.

आयर्लंड पाहायला जाल तेव्हा डब्लिनमध्ये ट्रिनिटी कॉलेजमधला केल्सचा ग्रंथ बघायला रांग लागलेली असेल. तो कोलमकिल यांच्याच परंपरेतला; आयोनावर सुरू झाला असावा असं बरेच जण मानतात. नक्की बघा. पण जमलं तर ती दरीही बघा.

आज मननासाठी

आता स्तोत्र ३४ उघडा आणि कोलमकिल जिथे थांबले तिथून पुढे वाचा. ११ व्या वचनात मुलांना जवळ बोलावून शिकवणारा आवाज आहे. म्हणून अडम्नान लिहितात की नव्या मठाधिपतीने, बायथीनने, तिथून सुरुवात करणं शोभणारंच होतं. मग जीभ आवरण्याबद्दल आहे. मग शांतीचा पाठलाग करण्याबद्दल. आणि १८ व्या वचनात, मन मोडलेल्यांच्या जवळ परमेश्वर असतो, हे आश्वासन. ज्या ओळींनी त्यांना आयुष्यभर शिकवलं, त्या लिहायच्या राहिल्या. त्या त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिल्या. तरुणपणी जो माणूस आपली नक्कल सोडायला तयार नव्हता, तो म्हातारपणी अर्धं स्तोत्र सोडून शांतपणे उठला.

आपणही देवाच्या वचनावर प्रेम करतो. आणि त्याच वचनावरून ग्रुपवर, कमेंटमध्ये, घरी जेवणाच्या टेबलावर भांडतोही. कधी आपली बाजू खरीच बरोबर असते. कोलमकिल यांचीही असेल. प्रश्न एवढाच, की जिंकून झाल्यावर पुस्तक उघडलं तर आत काय लिहिलेलं सापडेल?

आजची छोटी कृती : स्तोत्र ३४ ची ११ ते १८ ही आठ वचनं हाताने वहीत लिहा. फोन बाजूला. सावकाश. आणि ज्याच्याशी वचनावरून वाद घालून बोलणं थांबलंय, अशा एका माणसाला आज फोन करा.

प्रार्थना : हे प्रभू, तुझं वचन आमच्या हाती दिलंस, याबद्दल आभार. ते शस्त्रासारखं हातात धरायचा मोह होतो तेव्हा आमचा हात धर. आमच्याकडून जे मोडलं ते जोडायची संधी दे, आणि जे अपुरं राहील ते पुढच्या हातांत सोपवायची हिंमत दे. आमेन.

उद्याचा वाचनभाग : स्तोत्र ३५. भेटू या.